मुलगा रात्री कुठे जातो? शिआनच्या बाजारपेठांत आठ दिवस

रोज रात्री नऊच्या सुमारास आमच्या घरी चीनहून फोन येतो. आमचा मुलगा तिथल्या शिआन शहरात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपल्याकडे नऊ वाजतात तेव्हा तिथे साडेअकरा झालेले असतात. इतक्या रात्री पोराने खोलीवर असावे, पुस्तक उघडे असावे, ही कोणत्याही आई-बापाची अपेक्षा. पण फोनमधून ऐकू येई तो भर बाजाराचा गलका. कुणी ओरडून गिऱ्हाईक बोलावतो आहे, कुठे लाकडी घण आपटल्याचा धपधप आवाज, मध्येच गाणे.

“कुठे आहेस?”

“बाजारात आहे, अब्बा. जेवतोय.”

“साडेअकरा वाजता?”

“इथं असंच असतं.”

या “इथं असंच असतं”ने आमची झोप उडाली. आम्ही दोघेही सोलापुरात शिक्षक. वीस वर्षे लोकांच्या मुलांना शिस्त लावण्यात गेली आणि आपला मुलगा मात्र मध्यरात्री परक्या देशाच्या बाजारात! नातेवाईक तोंडावर काही बोलत नसत, पण “पोरगा हातचा गेला” हे शब्द फिरून आमच्या कानावर आलेच. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन डोळ्यांनी पाहायचे ठरले. घराच्या वरच्या खोलीसाठी साठवलेले पैसे काढले. मनात एवढेच होते की, लक्षण ठीक दिसले नाही तर त्याला सोबत घेऊनच परतायचे. तसे त्याला सांगितले नव्हते.

ढोल मनोऱ्याच्या मागची गल्ली

शिआन हे शान्शी प्रांताच्या राजधानीचे शहर. लोकवस्ती एक कोटीच्या वर. जुने नाव छांगआन. रेशीम मार्ग म्हणून आपण मुलांना शिकवतो त्याचे पूर्वेकडचे टोक हेच. जुन्या शहराभोवती मिंग राजवटीत बांधलेला तट आजही पुरा उभा आहे. त्याचा घेर जवळजवळ चौदा किलोमीटर, उंची बारा मीटर, आणि माथा इतका रुंद की लोक भाड्याच्या सायकली घेऊन वरून चक्कर मारतात.

शहराच्या मधोमध घंटा मनोरा आहे. तो १३८४ मध्ये बांधला आणि १५८२ मध्ये आताच्या जागी हलवला. त्याच्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर ढोल मनोरा, १३८० चा. पहिल्याच संध्याकाळी मुलाने आम्हाला या ढोल मनोऱ्याच्या कमानीखालून पलीकडे नेले आणि म्हणाला, “अम्मी, फोनमध्ये ऐकू येतो ना, तो हाच गलका.”

समोर बेइयुआनमेन रस्ता होता. जेमतेम अर्धा किलोमीटर लांब, दगडी फरशीचा, दोन्ही बाजूंना झाडे, आणि त्यातून मुंगी शिरायला जागा नाही एवढी गर्दी. रमजानमध्ये विजापूर वेशीचा मीना बाजार जसा फुलतो किंवा मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत इफ्तारनंतर जशी रेटारेटी असते, तसे. फरक एवढाच की इथे हे वर्षभर चालते. चीनच्या कानाकोपऱ्यातून आलेले पर्यटक, हातात खाण्याच्या काड्या, खांद्यावर पोरे.

आणि जिकडे पाहावे तिकडे पांढऱ्या टोप्या! दुकानात, भट्टीवर, गल्ल्यावर. बायकांच्या डोक्यावर रुमाल बांधलेले. पाट्यांवर चिनी अक्षरांच्या शेजारी अरबीत ‘हलाल’. आम्ही मध्येच थांबलो. मुलगा हसत होता. फोनवर त्याने हे कधी नीट सांगितले नव्हते की काय? सांगितले होते. ‘इथे मुस्लिम मोहल्ला आहे’ असे तो दोनदा बोलला होता. आम्ही गलकाच ऐकत बसलो, त्याचे बोलणे ऐकलेच नाही.

या वस्तीला ह्वेइफांग म्हणतात, म्हणजे ह्वेई लोकांचा मोहल्ला. ह्वेई हे चिनी भाषा बोलणारे मुसलमान. चीनभर त्यांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. थांग राजवटीत आणि पुढे मंगोलांच्या काळात अरब, इराणी आणि मध्य आशियाई व्यापारी, सैनिक, कारागीर इकडे आले, इथेच नांदले. त्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या सोयरिकीतून हा समाज घडला. चेहरा, बोली, घरे चिनी, किबला मक्केकडे. शिआनच्या या वस्तीबद्दल ‘सात मशिदी, तेरा मोहल्ले’ अशी जुनी म्हण आहे. आता मशिदी त्याहून जास्त आहेत आणि प्रत्येक मशिदीभोवती तिची गल्ली.

काय खावे, काय पाहून खावे

घरातून निघताना आम्ही चटणी, पापड, भाजलेले पोहे असा मोठा डबा बांधून नेला होता. हलाल मिळेल की नाही, ही धास्ती. तो डबा आठ दिवसांत उघडला नाही.

लाकडी घणाचा तो धपधप आवाज शेंगदाण्याच्या वडीचा निघाला. दोन तरणीबांड माणसे समोरासमोर उभी राहून गरम पाक आणि दाणे आळीपाळीने कुटतात आणि बघ्यांची गर्दी जमते. त्यापुढे लाल झाडाच्या काटक्यांना टोचलेले मटणाचे तुकडे निखाऱ्यावर भाजत होते, वर जिरे आणि लाल तिखट. जिऱ्याचा तो वास आला आणि परका देश निम्मा आपला झाला. तेंदूसारख्या जातीचे एक केशरी फळ तिथे पिकते. त्याच्या गराच्या, आत सारण भरलेल्या पुऱ्या तळून देतात. चिकट तांदूळ, लाल खजुरासारखी बोरे आणि घेवड्याचे दाणे यांचे थर लावून वाफवलेली ‘चंगकाओ’ नावाची खीरवजा मिठाई सकाळी खावी. लिनतुंगची डाळिंबे प्रसिद्ध, त्यांचा रस गाड्यांवर मिळतो. ‘ब्यांगब्यांग’ नावाचे नूडल पट्ट्याएवढे रुंद असतात. त्या नावाचे चिनी अक्षर लिहायला पन्नासहून अधिक रेघा ओढाव्या लागतात, हे ऐकून आमच्यातील शिक्षकाला तिथल्या मुलांची दया आली.

पण खरे जेवण ‘पाओमो’चे. जाड, कमी फुगलेली भाकरीसारखी रोटी आणि एक रिकामा वाडगा समोर ठेवतात. रोटी आपणच कुस्करायची, तेही तुरीच्या दाण्याएवढी बारीक. मग वाडगा आत जातो, सोबत नंबराचा बिल्ला, म्हणजे आपल्या हातचा वाडगा आपल्याकडेच परत यावा. आत त्यावर मटणाचा रस्सा घालून शिजवतात. तोंडी लावायला गोड मुरवलेला लसूण आणि तिखट. कुस्करायला अर्धा तास सहज लागतो. त्या अर्ध्या तासात टेबलावरची माणसे बोलतात. फोन हातात घेता येत नाही, कारण हात पिठाचे.

आपल्या घरातील कुणी या शहरात जाणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘रोउच्यामो’ नावाचा मांस भरलेला पाव शिआनभर मिळतो. ह्वेइफांगमध्ये त्यात गोमांस किंवा मटण असते, पण शहरात इतरत्र बहुतेक ठिकाणी डुकराचे मांस असते. नाव एकच. म्हणून पदार्थाचे नाव विचारून भागत नाही, पाटी पाहावी. हिरव्या किंवा निळ्या पाटीवर दोन चिनी अक्षरे असतात, उच्चार ‘छिंगचन’. शब्दशः अर्थ ‘निर्मळ आणि खरे’. हलालसाठी चीनमध्ये हाच शब्द आहे. ती दोन अक्षरे कागदावर लिहून खिशात ठेवावीत. ‘वो शर मूस्लिन’, म्हणजे ‘मी मुसलमान आहे’, एवढे वाक्य पाठ केले तरी समोरचा माणूस लगेच समजतो. पैसे जवळपास सगळीकडे मोबाइलवरून चौकोनी कोड दाखवून चालतात, त्याची सोय निघण्याआधीच करून ठेवावी. आमच्या नोटा पाहून एका आजीबाईंनी सुट्ट्यासाठी शेजारची तीन दुकाने पालथी घातली.

जिथे शब्द ओळखीचे निघाले

बाजाराच्या पश्चिमेला ह्वाच्युए नावाची अरुंद गल्ली आहे. पंखे, माळा, चहाच्या पेट्या, स्कार्फ यांच्या दुकानांनी ती इतकी झाकली आहे की आत चीनमधील सर्वांत नामांकित मशिदींपैकी एक असेल असे वाटत नाही. ही शिआनची जामा मशीद. परंपरेने तिची स्थापना इ.स. ७४२ ची मानतात. आज दिसणाऱ्या वास्तूचा मुख्य भाग मिंग काळातला. पर्यटकांना तिकीट आहे, नमाजींना नाही. नमाजच्या दालनात फक्त मुसलमानांना प्रवेश.

घुमट नाही, उंच मिनार नाही. एकामागे एक अंगणे, लाकडी कमानी, हिरव्या-निळ्या कौलांची वळणदार छपरे, शिलालेख, जुनी झाडे. मधला तीन मजली अष्टकोनी मनोरा हाच मिनार. चिनी राजवाडे आणि देवळे दक्षिणेकडे तोंड करून बांधतात. ही मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते, कारण आपल्यासारखीच त्यांचीही किबला पश्चिमेला. आतल्या दालनाच्या भिंतींना लाकडी फळ्या आहेत आणि त्यांवर सबंध कुरआन कोरलेले आहे. आमच्यापैकी एक जण मुलासोबत जोहरच्या नमाजला आत गेला, एक जण अंगणात शिलालेख पाहत थांबली. बाहेर हजार माणसांचा बाजार आणि आत चिमण्यांचा आवाज.

जवळच्या दाश्वेशी गल्लीतही एक जुनी मशीद आहे. तिथल्या १५२३ च्या शिलालेखात लिहिले आहे की, दर्यावर्दी चंग ह १४१३ मध्ये सफरीआधी इथे आला आणि अरबी जाणणारा दुभाषी म्हणून इथल्या हसन नावाच्या इमामांना बरोबर घेऊन गेला. चंग ह हा स्वतः युन्नानच्या मुस्लिम घराण्यातला. त्याची जहाजे आपल्या कालिकतला येऊन गेली होती, हे इतिहासाच्या शिक्षकांना ठाऊक असेल.

पण आम्हाला खरा धक्का बसला तो पाओमोच्या दुकानात. एका मागच्या गल्लीत सहा टेबलांचे ते दुकान. दुकानदार सत्तरीचे असावेत. मुलगा त्यांना ‘येये’ म्हणजे आजोबा म्हणतो. त्यांनी छातीवर हात ठेवून आम्हाला सलाम केला आणि खुर्च्या पुसून दिल्या. मुलगा दुभाष्याचे काम करीत होता, तरी मध्येच त्यांचे काही शब्द आम्हाला थेट कळू लागले. नमाजला ते ‘नामाझ’ म्हणत होते. वुजूला ‘अबुदैस’. हे तर आबदस्त! आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातला शब्द. मित्राला ‘दोस्ती’. मग्रिबच्या नमाजला ‘शाम’. जुमाला ‘चूमा’. इमामांना ‘आहुंग’, म्हणजे आखुंद.

फारसीतून हे शब्द एकीकडे आपल्या उर्दूत आणि दख्खनीत आले, दुसरीकडे रेशीम मार्गाने चिनी मुसलमानांकडे गेले. वर्गात आम्ही उर्दूचा तास घेताना ‘हा शब्द फारसी’ असे फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. तोच शब्द सोलापूरपासून हजारो कोस दूर, एका आचाऱ्याच्या तोंडी, रोजच्या वापरात ऐकला. पूर्वी ही मंडळी अरबी अक्षरांत चिनी भाषाही लिहीत. त्या लिपीला श्याओरचिंग म्हणतात. आम्ही कागदावर उर्दूत ‘दोस्त’ लिहिले. येयेंनी अक्षरावर बोट ठेवत ‘दाल’, ‘वाव’ असे वाचले आणि टेबलावर थाप मारून हसले.

न झोपणारे शहर

चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, “आता तुम्हाला खरी रात्र दाखवतो.” मेट्रोने घंटा मनोऱ्यापासून श्याओचाय, तिथे गाडी बदलून एक स्टेशन पुढे. वर आलो तर समोर दा-यान-था, म्हणजे मोठ्या रानहंसाचा मनोरा. सात मजली, चौसष्ट मीटर उंच, इ.स. ६५२ चा. हिंदुस्थानातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो बांधला, आणि ते ग्रंथ आणणारा भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएनत्संग! ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात येऊन गेला, पुलकेशी दुसऱ्याचे राज्य पाहिले. इथली माणसे साधी, मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी, असे त्याने लिहून ठेवले. दरवर्षी हा धडा आम्ही शिकवतो. त्याच्या मनोऱ्यासमोर उभे राहिल्यावर मुलाला वाटले आता अर्धा तास भाषण होणार. झालेच.

मनोऱ्याच्या दक्षिणेला दाथांग बूयेछंग हा दोन किलोमीटर लांबीचा पायी फिरण्याचा रस्ता सुरू होतो. नावाचा अर्थ ‘थांग काळाचे न झोपणारे शहर’. दिव्यांच्या कमानी, कारंजी, जागोजागी नाचगाणी. तरुण मुली भाड्याने थांगकालीन पोशाख घेऊन, केसांत फुले खोवून फोटो काढतात. इथलीच एक कलावती गोल बुडाच्या बाहुलीसारखी डुलत, लोकांच्या हातात हात देत नाचे. तिची चित्रफीत २०१९ मध्ये चीनभर गाजली आणि तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. कुटुंबेच्या कुटुंबे आली होती. आजोबा, सून, चाकाच्या गाडीत बाळ. रात्रीचे अकरा वाजले होते आणि कुणाला कसली भीती नव्हती.

गंमत अशी की, ज्या थांग काळाच्या नावाने ही रोषणाई, त्या काळी छांगआनमध्ये रात्री बाहेर पडायला बंदी होती. शहराचे शंभराहून अधिक तटबंद मोहल्ले. दिवस मावळला की ढोल वाजत आणि मोहल्ल्यांचे दरवाजे बंद होत. नंतर रस्त्यावर सापडेल त्याला फटके. बाजारही दुपारी तीनशे ढोल वाजल्यावर उघडे आणि सूर्यास्तापूर्वी तीनशे घंटानादाने मिटे. वर्षातून एकदा, दिव्यांच्या सणाच्या तीन रात्री तेवढी मोकळीक असे. इराणी, सोग्दी व्यापाऱ्यांच्या वर्दळीचा पश्चिम बाजारही याच नियमाने चाले. त्या जागी आज संग्रहालय आहे.

आम्ही म्हणालो, “बघ, तेव्हाचे राजे शहाणे होते.” मुलगा म्हणाला, “अब्बा, दरवाजे बंद करून शहर चाललं. पण मी इथे आलो तेव्हा दरवाजा बंद करणारं कुणी नव्हतं.” मग थोडा वेळ गप्प राहिला.

फुटलेले वाडगे

दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून दोन जागा दाखवल्या. पहिली दक्षिण वेशीजवळची दफू गल्ली. मंद दिवे, कॉफीची दुकाने आणि दारूचे अड्डे. दुसरी तटाच्या पूर्वेकडील चुंगशान दरवाजाजवळचे युंगशिंगफांग. तिथे प्रांतभरचे पदार्थ मिळतात, पण ती काही हलालची पेठ नव्हे. तिथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे तांदळाच्या दारूचा मातीचा वाडगा. मनात इच्छा धरायची, वाडगा एका दमात प्यायचा आणि जमिनीवर आपटून फोडायचा. तरुण पोरे रांगेत उभी होती. खाली खापरांचा ढीग.

त्या ढिगाजवळ उभे राहून मुलाने सांगितले (आणि हे आम्ही त्याच्या परवानगीने लिहीत आहोत). पहिल्या वर्षी, आल्यावर दोनच महिन्यांत, वर्गमित्रांबरोबर तो इथे आला होता. सगळ्यांनी वाडगे घेतले, त्यानेही घेतला. एक घोट प्यायला. उरलेला वाडगा तसाच आपटला. रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या मशिदीत जाऊन बसला, तौबा केली. तिथेच येयेंनी पहिल्यांदा त्याला पाहिले. भाषा येत नव्हती. त्यांनी फक्त हाताने जेवणाची खूण केली आणि आपल्या दुकानात नेऊन रोटी कुस्करायला बसवले.

“मग रोज रात्री बाजारातून फोन का करायचास? खोलीवरून का नाही?”

तो म्हणाला, “खोलीवरून केला असता तर मी कुठून आलो ते तुम्हाला कळलं नसतं. मला खोटं बोलता आलं असतं. येयेंच्या दुकानातून केला की तुम्ही विचारणार, कुठे आहेस, आणि मला खरं सांगता येणार. इशा झाली की इकडे येतो, जेवतो, तुम्हाला फोन करतो आणि परत जातो.”

आम्ही दोघेही काही बोललो नाही. ज्या गलक्याने आम्ही वर्षभर घाबरलो, तो गलका म्हणजे त्याची हजेरी होती. शाळेत आम्ही रोज हजेरी घेतो. पोरगा ती रोज देत होता आणि आम्ही त्याला गैरहजर धरत होतो.

झगमगाटामागची वस्ती

उरलेल्या संध्याकाळी आम्ही येयेंच्या दुकानातच काढल्या. रात्री उशिरापर्यंत घरातल्या बायका गल्ला सांभाळतात, नातवंडे कोपऱ्यात गृहपाठ करतात. दारू त्या दुकानात येत नाही. गिऱ्हाईक बाहेरून घेऊन आला तर त्याला नम्रपणे परत पाठवतात. येये म्हणाले, पुढच्या मोठ्या रस्त्यावर आता आम्ही क्वचितच जातो, तो पाहुण्यांचा झाला. भाडी वाढली. त्यांच्या धाकट्या मुलाने उपनगरात उंच इमारतीत घर घेतले. तिथे लिफ्ट आहे, मशीद नाही. मुलगा बापाला ये म्हणतो. येयेंचे उत्तर आमच्या मुलाने सांगितले ते असे: “दुकान लहान झालं तरी चालेल. नमाजला चालत जाता आलं पाहिजे.”

मग त्यांनी आम्हाला विचारले, “तुमच्या घरापासून मशीद किती लांब?” आम्ही सांगितले, चार घरे सोडून. त्यांनी मान डोलावली. आम्हाला मात्र आठवले की त्या चार घरांचे अंतर आम्ही कितीदा आळसाने टाळले आहे.

एक गोष्ट लिहिली नाही तर हा लेख अपुरा राहील. एका रस्त्याच्या रोषणाईवरून आणि मशिदीच्या सुंदर छपरावरून अख्ख्या देशातील मुसलमानांचा हालहवाल ठरवता येत नाही. चीनच्याच पश्चिमेला शिनजियांग प्रांतात उइगूर आणि इतर मुस्लिमांना मोठ्या संख्येने डांबले गेले आणि ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. चीन सरकारने तो अहवाल फेटाळला. बाजारात कुणी यावर बोलत नाही आणि आम्हीही कुणाला विचारून अडचणीत टाकले नाही. पण पाओमोची चव सांगताना हे झाकून ठेवणे आम्हाला बरे वाटले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी शूयुआनमेन या जुन्या रस्त्यावर गेलो. कुंचले, शाईचे दगड, हाताने केलेला कागद यांची दुकाने. आमच्या शाळेतल्या मुलांसाठी दोन कुंचले घेतले. मुलाने विचारले, “अम्मी, माझं सामान बांधू का?” म्हणजे आमच्या मनातले त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आम्ही म्हणालो, “पुस्तकं आवर तेवढी, खोलीत पसारा फार आहे.”

मुले बाहेर गेली की आपण त्यांना रस्त्यांची भीती घालतो. रस्ते असणारच, दिवे असणारच, वाडगे आपटणारी दोस्तमंडळीही असणार. आपल्या हातात असते ते एवढेच की, जिथे मूल जाते तिथे मशीद कुठे, हलाल जेवण कुठे, आणि त्याच्याकडे पाहणारे एखादे वडीलधारे माणूस कोण, हे आधी शोधावे. आम्ही फी, व्हिसा, वसतिगृह सगळे विचारले होते. हे मात्र विचारले नव्हते. ते त्याने स्वतः शोधले, आणि त्यात एका परक्या म्हाताऱ्याचा हात होता. अल्लाह त्यांना आयुष्य आणि बरकत देवो.

आताही रोज रात्री नऊला फोन येतो. मागे तोच गलका, तोच धपधप आवाज. आम्ही “कुठे आहेस?” असे अजून विचारतो, कारण त्याला ते विचारलेले हवे असते. मग म्हणतो, “येयेंना सलाम सांग.” आणि पलीकडून, कुणीतरी भांड्यांच्या आवाजावरून ओरडून, आपल्या चिनी उच्चारात सलामचे उत्तर देते.